विषय देण्याआधी एकदा ग्रंथालयात या

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना,



मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हे पत्र विद्यापीठाला किंवा शासनाला लिहिता आले असते. रिकामी पदे, तुटपुंजे अनुदान, जुने संगणक हे सारे त्यांच्यापुढे मांडण्यासारखे आहेच. पण मला ज्याबद्दल बोलायचे आहे ते केवळ पैशाने सुटणारे नाही, आणि त्याची किल्ली तुमच्याकडे आहे. आपल्या विद्यार्थ्यांना शोधता येत नाही. पुस्तक, लेख, अहवाल, आकडेवारी, जुने वर्तमानपत्र, काहीच. ते त्यांना कोणी शिकवलेले नाही, आणि तुमच्या विषयाच्या तासात, तुमच्या विषयाच्या निमित्ताने शिकवल्याशिवाय ते त्यांना येणार नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलला आणि फिल्ड प्रोजेक्ट, संशोधन प्रकल्प हे शब्द पदवीच्या मुलांच्या तोंडी आले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. नोट्स आणि गाईड यांच्या पलीकडे जायला मुलांना आता कारण मिळेल, असे वाटले. पण मुले देवघेव काउंटरवर येतात ती वहीचे एक पान घेऊन, आणि त्यावर एकच ओळ असते. उदाहरणार्थ, ‘१९७२ चा दुष्काळ’. “मॅडम, यावर पुस्तक आहे का?” मी विचारते, कुठल्या जिल्ह्यातला? पाऊस किती पडला ते पाहायचे आहे, की पिकांचे काय झाले, की सरकारी कामांवर कोण गेले, मजुरी किती मिळाली, गावे सोडून लोक कुठे गेले? मूल गोंधळते. “सरांनी एवढेच दिले आहे.”

माझी पहिली तक्रार ही. तुम्ही विषय देता, पण विषयापासून प्रश्नापर्यंत कसे जायचे हे दाखवत नाही. आणि प्रश्न नसेल तर शोधाला दिशाच राहत नाही. ‘दुष्काळ’ एवढा शब्द घेऊन जगातल्या कोणत्याही शोधयंत्राकडे गेले तरी ते हजारो पाने पुढ्यात टाकणार. मूल त्यातली पहिली दोन-तीन उघडते, उतरवून घेते आणि प्रकल्प पूर्ण होतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. त्या परिस्थितीत दुसरे काय करता येते, हे त्याने कधी पाहिलेलेच नसते.

म्हणून हाच विषय घेऊन दाखवते. तासा-दोन तासांत वर्गात काय घडू शकते, ते तुम्हीच पाहा.

आधी प्रश्न ठरवू: १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात सुरू झालेल्या सरकारी कामांवर स्त्रिया का आणि किती आल्या? आता शब्द जमवायचे. दुष्काळ, अवर्षण, टंचाई. इंग्रजीत ड्रॉट, फॅमिन आणि स्कॅर्सिटी. हा तिसरा शब्द मुलांना कधीच सुचत नाही, आणि सरकारी कागदपत्रे तर त्याच शब्दाखाली सापडतात, कारण प्रशासनाने फॅमिन हा शब्द शक्यतो टाळला. कामांसाठी पुन्हा वेगळी जुळणी: दुष्काळी कामे, रिलीफ वर्क्स, रोजगार हमी. रोजगार हमी हा शब्द हाती लागला की मूल या योजनेचे प्रवर्तक वि. स. पागे यांच्यापर्यंत पोहोचते, तिथून १९७७ च्या कायद्यापर्यंत, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यापर्यंतही. एका शब्दाने दार उघडले की पुढचे शब्द त्या खोलीतच मिळतात. पण पहिला शब्द चुकला तर मूल समजते की यावर काही लिहिलेलेच नाही.

मग गावांची, जिल्ह्यांची नावे. आजचे मूल ‘धाराशिव’ टाइप करते. २०२३ आधीचे जवळजवळ सगळे लेखन उस्मानाबाद या नावाने आहे. छत्रपती संभाजीनगरचे तसेच, आणि २०२४ पासून अहिल्यानगरचेही. सोलापूरच्या जुन्या इंग्रजी नोंदी ‘शोलापूर’ या लेखनाने शोधाव्या लागतात आणि पुण्याच्या ‘पूना’ने. याहून फसवी गोष्ट जिल्ह्यांच्या सीमांची. जालना जिल्हा झाला १९८१ मध्ये आणि लातूर १९८२ मध्ये. १९७२ च्या तक्त्यांत लातूरच्या मुलीला आपला जिल्हा दिसत नाही, कारण तिचा तालुका तेव्हा उस्मानाबादमध्ये मोजला जात होता. हे सांगायला ग्रंथपाल लागत नाही, भूगोलाचे किंवा इतिहासाचे शिक्षक हे एका वाक्यात सांगू शकतात. ते वाक्य वर्गात कोणी उच्चारत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता कुठे शोधायचे. आपल्या कपाटांत हा विषय एका जागी नाही. ड्युई वर्गीकरणात पावसाचे शास्त्र ५५१.५७ ला, मदतकार्य ३६३ मध्ये, शेतीचे अर्थकारण ३३८.१ ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ ला. म्हणजे ‘बनगरवाडी’ कादंबरीत दुष्काळाने रिकामे होणारे गाव एका टोकाच्या कपाटात आणि दुष्काळाचे हवामानशास्त्र दुसऱ्या टोकाला. बहुतेक महाविद्यालयांत मुलांना कपाटांपर्यंत जाऊही दिले जात नाही. चिठ्ठी द्यायची आणि काउंटरवर पुस्तक घ्यायचे. मग एका विषयाची अशी पाच घरे असतात, हे त्यांना कळणार कुठून? ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, शीर्षकातला शब्द टाकून एक पुस्तक मिळाले की त्याच्या नोंदीतले विषयशीर्षक आणि वर्गांक पाहायचा, आणि त्यावरून शेजारची पुस्तके काढायची. ही युक्ती शिकवायला पाच मिनिटे पुरतात.

कपाटांच्या बाहेर जायचे तर जुन्या दुष्काळांसाठी मुंबई इलाख्याचे गॅझेटियर आहे. १८८४ साली निघालेल्या सोलापूरच्या खंडात शेतीच्या प्रकरणात आधीच्या दुष्काळांची हकिकत मिळते. मराठवाड्याच्या मुलाने मात्र त्या मालिकेत आपला जिल्हा शोधू नये, कारण तो भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९७२ साठी ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चे सत्तरच्या दशकातले अंक आहेत, आणि रोजगार हमीवर वि. म. दांडेकरांनी सहलेखकासह १९८० मध्ये त्याच साप्ताहिकात लिहिलेला लेख आहे. ज्याँ द्रेझ यांनी भारतातील दुष्काळनिवारणावर १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ लेखात महाराष्ट्राच्या या दुष्काळाची सविस्तर चर्चा आहे. तो लेख हाती आला की त्याच्या संदर्भयादीतून मूल मागे जाऊ शकते, उदाहरणार्थ व्ही. सुब्रमण्यम यांच्या १९७५ च्या ‘पार्च्ड अर्थ’ या पुस्तकापर्यंत. आणि गुगल स्कॉलरवर त्या लेखाला पुढे कोणी उद्धृत केले ते पाहून अलीकडच्या लेखनापर्यंतही येता येते. एका चांगल्या लेखापासून मागे आणि पुढे असे दोन्हीकडे चालणे हा शोधातला सगळ्यात फलदायी भाग आहे, आणि आपल्या पदवीधरांपैकी फार थोड्यांना तो माहीत असतो.

शोधगंगेचे पण सांगते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संग्रहात देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत, आणि ते कोणालाही मोफत उघडता येतात. मुले तिथे जातात ती प्रकरणे उतरवायला. पण प्रबंधाच्या फायली प्रकरणवार असतात आणि संदर्भसूचीची बहुधा वेगळी असते. तीच आधी उघडा, हे मी सांगते तेव्हा मुलांना नवल वाटते. कोणीतरी कित्येक वर्षे घालून जमवलेली वाचनाची यादी आयती समोर असते, आणि तिचा उपयोग करणे ही चोरी नव्हे, अभ्यास आहे.

अवतरणचिन्हात शब्दसमूह घालणे, अँड आणि ऑर वापरणे, तारकाचिन्ह, तारखेची मर्यादा, या यांत्रिक गोष्टी मी शिकवीन. त्या अवघड नाहीत, पण त्यांनाच शोध समजले जाते आणि प्रशिक्षण तिथेच संपते. कोणता शब्द कोणत्या काळात कोण वापरत होते, हे मात्र विषय जाणणारा माणूसच सांगू शकतो. म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

मराठीतून शोधणाऱ्या मुलांची अडचण यापेक्षा मोठी आहे, आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. त्याआधीच्या छापील मराठीत कांहीं, नाहीं, गांव असे अनुस्वार आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ चे पुस्तक ‘गांव-गाडा’ असे छापलेले आहे. ग्रामीण अर्थव्यवस्थेवर प्रकल्प करणारी मुलगी ‘गावगाडा’ असे सलग, विनाअनुस्वार लिहून शोधते आणि एखाद्या तालिकेत तिला शून्य निकाल मिळतो. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिता येते. डोळ्यांना ते सारखेच दिसते, यंत्राला वेगळे वाटते. कित्येक महाविद्यालयांच्या तालिकांत मराठी शीर्षके रोमन लिपीत भरलेली आहेत, तर काही ठिकाणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, जी शोधात येतच नाहीत. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याला एकाच शब्दाची तीन-चार रूपे टाकून पाहण्याची सवय लावावी लागते, आणि यंत्राने नाही म्हटले तरी पुस्तक असू शकते, हे सांगावे लागते.

आणि त्याला त्याच्या भाषेतली साधने दाखवावी लागतात. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. एवढे काम एका माणसाने उभे केले, आणि मराठीत एम. ए. झालेल्या अनेकांनी तिचे पान उलटलेले नाही. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश आज घरबसल्या वाचता येतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. मराठी विभागातल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिल्या वर्षीच्या मुलांना यातले किमान एक साधन वर्गात उघडून दाखवा. ‘आपल्या भाषेत संदर्भच नाहीत’ हे वाक्य मी मुलांकडून ऐकते तेव्हा मला फार लागते.

दुसरी तक्रार वर्षारंभीच्या ग्रंथालय परिचयाची. प्रवेश संपले की सभागृहात सगळ्या प्रथम वर्षाला एकत्र बसवतात आणि ग्रंथपालाला थोडा वेळ देतात. त्यात बीटी कार्ड, दंड, पुस्तके ठेवण्याची मुदत, वाचनकक्षाची वेळ एवढे सांगून होते. मुलांसमोर त्या दिवशी कोणताही प्रश्न नसतो, त्यामुळे शोध कसा करायचा हे सांगूनही त्यांच्या डोक्यात राहत नाही. तेच मी प्रकल्पाचा विषय ठरल्यानंतरच्या आठवड्यात, वीस-पंचवीस मुलांच्या गटाला, त्यांच्याच विषयावर दाखवले तर ते लगेच वापरतात. तुम्ही वेळापत्रकातला एक तास मला द्या, आणि त्या तासाला वर्गात थांबा. ‘मॅडम घेतील’ म्हणून निघून जाऊ नका. तुम्ही थांबलात तर मुलांना कळते की हा विषयाचा भाग आहे. तुम्ही गेलात तर तो त्यांना मोकळा तास वाटतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. एन-लिस्ट या ई-साधनांच्या योजनेतून सहा हजारांहून अधिक नियतकालिके आपल्या महाविद्यालयांना अत्यल्प वर्गणीत मिळतात. नोंदणी केली की ती घरून, मोबाइलवरही उघडतात. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची जवळजवळ तेरा हजार नियतकालिके खुली झाली आहेत, आणि तिच्यासाठी तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये मंजूर आहेत. हा जनतेचा पैसा आहे. नोंदणीसाठी मी शिक्षककक्षात येते तेव्हा अनेकजण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतात. शिक्षकांनीच ते दार उघडले नाही, तर मुले का उघडतील? वर्गात तुम्ही कधीतरी पडद्यावर एखादा लेख शोधून दाखवा. पहिला प्रयत्न फसू द्या, शब्द बदला, पुन्हा पाहा. मुलांनी ते फसणेही पाहायला हवे. शोध पहिल्या झटक्यात लागत नाही हे माहीत नसल्यानेच ती इतक्या लवकर सोडून देतात.

मूल्यमापनाबद्दलही बोलायला हवे. प्रकल्पात आपण पाने मोजतो, बांधणी पाहतो, साम्याची टक्केवारी तपासतो. संदर्भसूची मात्र वाचत नाही. आता चॅटबॉटकडून संदर्भ लिहून आणणारी मुले आहेत, आणि त्या यंत्रांनी दिलेल्या याद्यांत कधीकधी अस्तित्वातच नसलेले लेख असतात: लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, लेख मात्र कधी लिहिलाच गेला नाही. मुले त्या याद्या घेऊन माझ्याकडे ‘हा लेख मिळवून द्या’ म्हणून येतात, आणि तो नाहीच हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरतो. त्यांना फसवायचे नसते; खरे आणि बनावट कसे ओळखावे हे त्यांना ठाऊक नसते. चॅटबॉटवर बंदी घालून काही साधणार नाही. प्रत्येक संदर्भापुढे ‘हा कुठे सापडला, कोणता शब्द टाकून सापडला’ असे एका ओळीत लिहून घ्या, आणि त्याला गुण द्या. विसातले पाच गुण शोधाच्या नोंदवहीला दिलेत, तरी मुले ग्रंथालयात वेगळ्या तयारीने येतील.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणला, त्यात माहितीकोशांचा भाग आहे. चांगले झाले. पण शोधायला शिकण्याची सुरुवात पंचविशी ओलांडल्यावर का व्हावी? आणि जी असंख्य मुले पीएच.डी. करणारच नाहीत, बँकेत, पंचायत समितीत, शाळेत, शेतात, दवाखान्यात काम करतील, त्यांना शोधण्याची गरज नाही असे आपण ठरवून टाकले आहे का? शासनाचा निर्णय मूळ कागदावर वाचणे, पीकविम्याच्या अटी शोधणे, आजाराबद्दल विश्वासार्ह माहिती मिळवणे, यासाठीही हेच कौशल्य लागते.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६ मध्ये माहिती साक्षरतेची जी चौकट स्वीकारली, तिच्यातल्या सहा सूत्रांपैकी एक हेच आहे: शोध म्हणजे आखणी करून घेतलेला आणि वाटेत बदलत जाणारा धांडोळा. पण यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. शि. रा. रंगनाथन हे मुळात गणित शिकवणारे होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. त्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्या दिवशी एका वर्गाचा शोधाचा तास झाला, तर मला त्या हाराहून जास्त समाधान वाटेल.

तुमच्यावर किती भार आहे हे मला दिसते. परीक्षा, श्रेयांकांच्या नोंदी, नॅकच्या फायली, तासिका तत्त्वावर निम्मा विभाग. म्हणून मी नवा विषय, नवा पेपर मागत नाही. मला एवढेच हवे आहे की प्रकल्पांच्या विषयांची यादी फळ्यावर लागण्याआधी ती घेऊन तुमच्या ग्रंथपालाकडे जा. कोणत्या विषयावर आपल्या संग्रहात भरपूर आहे, कशावर फक्त इंग्रजीत आहे, कशासाठी जिल्हा ग्रंथालयात किंवा गावातल्या जुन्या वाचनालयात जावे लागेल, कोणता विषय सहा आठवड्यांत होण्यासारखा नाही, हे आम्ही सांगू शकतो. दोघांनी बसून प्रत्येक विषयाचे एक-दोन प्रश्न करू, आणि त्यासाठीचे शब्द काढू. तुमच्याकडे ग्रंथपालाचे पद रिकामे असेल, तर शेजारच्या महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला बोलवा. मला बोलावले तर मी येईन, आणि माझ्या ओळखीचे बरेचजणही येतील.

पुढच्या सत्राचे विषय ठरायला अजून वेळ आहे. यादीचा कच्चा खर्डाही चालेल. दुपारच्या सुटीत घेऊन या, बाकीचे बसून ठरवू.

आपली,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल